३५ मिनिटांच्या तासात मुलांना कळलं की नाही, हे पटकन कसं ओळखायचं?

आधी "समजलं का?" विचारणं सोडा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका मराठी शाळेत मी सुरुवातीला तेच करायचे. "समजलें मगे?" म्हटलं की अख्खा वर्ग एका सुरात "हय बाई!" आणि चाचणीत तीच मुलं गारद.

माझा भरवसा पाटीवर. प्रश्न घालायचा, उत्तर झाकून लिहायला सांगायचं आणि "दाखवा" म्हटल्यावर सगळ्या पाट्या एकदम वर. एकेक करून दाखवू दिल्यात की पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीची पाटी बघून पुसापुशी सुरू होते. पाट्या नसतील तर पर्यायाच्या क्रमांकाची बोटं, तीही छातीशी धरलेली, म्हणजे मागच्याला दिसत नाहीत.

खरी मेहनत प्रश्न निवडण्यात. पाचवीला विचारा: ०.३, ०.४५, ०.१२५ यांत मोठी संख्या कोणती? ०.१२५ म्हणणारा १२५ वाचतोय. ०.३ म्हणणाऱ्याची चूक वेगळी. तसं म्हणणाऱ्या एका मुलाला मी कारण विचारलं आणि गप्प राहिले. बराच वेळ खाली बघून तो म्हणाला, "बाई, हजार वांटे केल्यार बारीक जातले न्ही?" अर्धं बरोबरच की! वाटे बारीक होतात, पण ते किती घेतले हे तो विसरला. मग मीटरपट्टी काढली: ३० सेंमी, ४५ सेंमी, साडेबारा सेंमी. पुढचं त्यानंच सांगितलं. हेच मी ०.४, ०.३५, ०.१२५ असं विचारलं असतं, तर त्याचं चुकीच्या कारणानं आलेलं ०.४ हे उत्तर बरोबर ठरलं असतं आणि मी खुशाल पुढे गेले असते.

कारण कोकणीत सांगितलं तर सांगू द्या. मराठी नंतर दुरुस्त करता येते.

गप्प राहणं मात्र जमवावं लागतं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. मी मनात आकडे मोजते.

अंगठा वर-खाली वगैरे मला पटत नाही; मुलं शेजाऱ्याचा अंगठा बघतात.

तास संपताना कधीतरी चिठ्ठीवर एकच गणित घ्या. घरी जाताना बसमध्ये तीन गठ्ठे करायचे: जमलं, अडलं, उलटंच समजलं. उद्याची सुरुवात तिसऱ्या गठ्ठ्यापासून. चिठ्ठीवर नाव मी लिहायला लावत नाही. अक्षरावरून तसंही कळतं.