उद्या विसरणारच, मग न्यायचं कशाला?

प्रश्न : माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत. उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते. अल्झायमरचं निदान झाल्यापासून शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी माणसांचं येणं-जाणं थांबलंय. अशा रुग्णांची आणि घरच्यांची महिन्याला एक बैठक भरते असं कळलं. मामांना न्यावं म्हणते, पण ते चारचौघांत शिव्या देतात. आमचे हे म्हणतात, उद्या त्यांना आठवणारच नाही, मग हेलपाटा कशाला?

उत्तर : ताई, शिव्यांचं आधी मिटवू. पेठेतला गडी शिवी हासडतोय म्हणून कोल्हापुरात कुणी दचकत नाही! आणि तिथं प्रत्येकाच्या घरी हेच चाललेलं असतं.

यजमानांचं निम्मं खरं आहे. कुठं गेलो होतो ते मामा विसरतील. पण प्रसंग विसरला तरी त्यातली खुशी किंवा चिडचिड मागं रेंगाळते, हे अभ्यासांतून दिसलंय. म्हणून तर पाहुण्यानं "मला ओळखलं का?" विचारून परीक्षा घेतली की माणूस नंतरही धुसफुसत राहतो, आणि का ते त्यालाच सांगता येत नाही.

मी चालवते त्या बैठकीत एक आजोबा येतात. लेकीचं नाव त्यांना येत नाही. फेट्याचं कापड हातात दिलं की मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर पीळ देत असा चढवतात, शेमला इतका बेताचा सोडतात, की बघत राहावं. वर्षानुवर्षं केलेलं काम हातात उशिरापर्यंत टिकतं. मामांच्या हातात काय आहे ते तिथल्या लोकांना आधी सांगून ठेवा.

१९९७ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये बेरे मीसन या मानसशास्त्रज्ञानं अशी पहिली बैठक भरवली, ती या आजाराबद्दल बोलायची चोरी मोडावी म्हणून. त्यामुळं ती तुमच्यासाठीही आहे. रात्री कडी काढून निघून जाणाऱ्याला कसं आवरायचं, शर्टाच्या आत फोन नंबर कसा शिवायचा, हे तिथल्या बायका डॉक्टरांपेक्षा नीट सांगतात.

सकाळची वेळ बघा. दिवस मावळताना बऱ्याच जणांची बेचैनी वाढते. मंगळवार-शुक्रवारी महाद्वार रोडवरून रिक्षा नेऊ नका, अंबाबाईच्या गर्दीत ते बिथरतील. चहाबरोबर भडंग आलं तर बाजूला सारा. गिळायला त्रास असेल तर दाणे घशात अडकतात. दाराजवळची खुर्ची धरा. कंटाळले तर अर्ध्यात उठा, कुणी काही म्हणत नाही.

आणि यजमानांना बरोबर न्याच. आमच्याकडं सुना-लेकी येतात, लेक क्वचित दिसतात. बापाचं हे बघवत नाही म्हणून ते हेलपाट्याचं निमित्त पुढं करतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना म्हणावं, रिक्षातून उतरवायला माणूस लागतंय, चला.