जमतं म्हणजे नेमकं काय जमतं?

मुंबई

प्रिय छात्राध्यापिकेस,

सप्रेम नमस्कार.

आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेतल्या सराव-अध्यापनाच्या, आधीच्या स्वमूल्यांकन तक्त्यात ‘वर्गात तंत्रज्ञानाचा वापर’ या ओळीपुढे तू पाचपैकी पाच लिहिलेस आणि ते बरोबर आहे का, असं विचारलंस. मला तो आकडा घाईचा वाटतो. व्हिडिओ कापणं-जोडणं, स्लाइड सजवणं तुझ्या हातचं आहे. पण आठवीच्या साठ मुलांसमोर पस्तीस मिनिटांच्या तासिकेत तू काय करशील, हे त्यावरून कळत नाही.

पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर या संशोधकांनी २००६ साली मांडलेली टीपॅकची, म्हणजे शिक्षकाला लागणाऱ्या ज्ञानाची, चौकट तू वाचली असशील. विषयाचं, अध्यापनाचं आणि साधनाचं ज्ञान जिथे एकमेकांत मिसळतं, तिथे शिक्षकाचं खरं काम असतं. गुण देताना आपण बहुतेक वेळा फक्त साधनाचे देतो.

‘त्रिकोणाचे शिरोलंब व मध्यगा’ हा आठवीचाच घटक घे. मध्यगा, म्हणजे शिरोबिंदू समोरच्या बाजूच्या मध्याशी जोडणाऱ्या रेषा, कागदी त्रिकोणाला घडी घालून छान कळतात, तिथे प्रोजेक्टर लावूच नकोस. शिरोलंब म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवर टाकलेला लंब. विशालकोन त्रिकोणाचे दोन शिरोलंब मात्र मुलांना पटत नाहीत, कारण ते आकृतीबाहेर पडतात. फळ्यावर लघुकोन, काटकोन आणि विशालकोन असे तीन त्रिकोण काढले की मुलं तीन वेगळे नियम पाठ करतात. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये एक शिरोबिंदू ओढत नेला, की लंबसंपात, म्हणजे तिन्ही शिरोलंब मिळतात तो बिंदू, आतून सरकत काटकोनाच्या शिरोबिंदूवर येतो आणि तिथून बाहेर निघून जातो. त्रिकोण तोच, नियमही तोच. हे फळ्याला जमत नाही, म्हणून इथे साधन हवं.

यातही एक खोच आहे. बाजू रेषाखंड म्हणून काढून लंबपाद, म्हणजे शिरोलंब बाजूला टेकतो तो बिंदू, त्या रेषाखंडावर घेतलास, तर कोन विशाल होताच दोन लंबपाद बाजूंच्या बाहेर जातात. मग छेदनबिंदू उरत नाही आणि ते दोन शिरोलंब पडद्यावरून गायब होतात, म्हणजे ज्यासाठी पाठ बसवला नेमकं तेच दिसत नाही. म्हणून बाजूंवरून आधी पूर्ण रेषा काढ, लंबपाद त्यांच्यावर घे आणि त्या रेषा फिक्या, तुटक ठेव. बिंदू ओढण्यापूर्वी हात थांबव. ‘तो कुठे जाईल?’ असं विचारून वहीत खूण करायला दोन मिनिटं दे. अंदाज न घेता ओढलंस तर मुलं नुसतं हलतं चित्र बघतात.

उपकरणांचं थोडक्यात सांगते. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वेळी जाऊन ये. दुपारच्या अधिवेशनात पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की पांढऱ्या पडद्यावरच्या बारीक रेषा दिसत नाहीत, तेव्हा रेषा जाड आणि गडद रंगाच्या ठेव. जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए लागतं आणि नव्या लॅपटॉपला बहुधा एचडीएमआय असतं, म्हणून जोडणीचा अडॅप्टर आणि एक्स्टेंशन बोर्ड सोबत ने. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप कर. जुन्या फाँटमधली फाइल शाळेच्या संगणकावर उघडली की ‘शिरोलंब’च्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. पीडीएफची एक प्रत पेनड्राइव्हवर असू दे. इंटरनेट नसलं तरी पाठ चालला पाहिजे, आणि वीज गेली तर तीन आकृत्यांचा फळा कसा मांडायचा तेही पाठाच्या टाचणात लिहून ठेव.

मैत्रिणीचा पाठ फसताना पाहून धास्ती वाटते, असंही तू लिहिलंस. ती मी समजू शकते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे चार स्रोत सांगितले: स्वतः पार पाडलेलं काम, दुसऱ्याचं पाहणं, कुणी दिलेला धीर आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था. त्यांत पहिला सर्वांत बळकट. म्हणून पहिल्याच पाठात अख्खी तासिका पडद्यावर नेऊ नकोस, सात-आठ मिनिटं पुरेत. तेवढी नीट पार पडली की पुढच्या पाठाला हात आपोआप स्थिर होतो.

तक्त्यातला पाचाचा आकडा खोड आणि ती ओळ सध्या रिकामी ठेव. पाठ झाल्यावर दहा वह्या उचल आणि विशालकोन त्रिकोणात लंबसंपाताची खूण बाहेर किती जणांनी केली ते मोज. ओढण्यापूर्वीची खूण पेन्सिलीने आणि नंतरची पेनाने करायला लावलीस, तर फरक तुला तिथेच दिसेल. मग गुण लिही आणि टाचणासोबत त्या वह्यांचे फोटो मला पाठव, मुलांची नावं झाकून.

अनेक आशीर्वाद.