बीएस्सी बॉटनीनंतर एन्व्हायर्नमेंटल सायन्स घेतलं तर कोल्हापुरात राहून करिअर होतं का?

भावा, तू लिहिलंयस की सेकंड इयरला आहेस, बॉटनी घेतलंय, पुढं एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये एमएस्सी करायचीय आणि घरचे म्हणतात त्यापेक्षा बीएड कर, निदान शाळेत तरी चिकटशील. घरच्यांचंही काही अगदीच चूक नाही. पर्यावरण म्हटलं की त्यांना पाच जूनचा वृक्षारोपणाचा फोटो आठवतो, आणि झाडं लावायला कोण पगार देत नाही.

मी शिवाजी विद्यापीठातनंच एमएस्सी केली, आधी लॅबमध्ये होतो, मग कन्सल्टन्सीत, आता एका साखर कारखान्यात एन्व्हायर्नमेंटचं काम बघतो. एवढ्यावरनं एकच सांगतो, या फील्डमधली बहुतेक पगारी कामं निसर्गप्रेमातून नाही तर कायद्यातून येतात. १९७४ चा पाण्याचा कायदा, १९८१ चा हवेचा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, २००६ चं ईआयए (प्रोजेक्टचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) नोटिफिकेशन. या कागदांमुळं कुणाला तरी सॅम्पल द्यावं लागतं, कुणाला रिपोर्ट, कुणाला सही, आणि तिथंच आपल्यासारख्याची खुर्ची तयार होते. म्हणून "स्कोप आहे का" असं विचारण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यात कुणाकुणाला हे कागद लागतात ते बघ की.

आता कोल्हापूर धर. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसी, फाउंड्र्या, इचलकरंजीची प्रोसेसिंग युनिट्स, साखर कारखाने, डिस्टिलरी, मोठी हॉस्पिटलं. यातल्या जवळजवळ सगळ्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, त्यालाच आमच्याकडं सगळे "कन्सेंट" म्हणतात. कन्सेंटमध्ये किती पाणी सोडायचं, बीओडी-सीओडी (पाण्यात किती घाण आहे ते सांगणारे आकडे) कितीच्या आत पाहिजे, चिमणीतनं काय बाहेर गेलेलं चालतं, सगळं लिहिलेलं असतं. मंडळाच्या वेबसाइटवर बरीच कन्सेंट बघायला मिळतात. एखादं साखर कारखान्याचं उघड आणि वाच, दोन वर्षांच्या नोट्सपेक्षा जास्त कळेल, खोटं नाही सांगत.

लॅबचं काम सुरुवातीला मिळायला सगळ्यात सोपं, आणि पगार सगळ्यात कमी. पण हात तिथंच बसतो. नदीवर बाटली घेऊन गेल्यावर डीओचं, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचं, सॅम्पल जागेवरच केमिकल घालून फिक्स करायचं, बीओडीचं बर्फात ठेवून लगेच लॅबला आणायचं, मग ते २७ डिग्रीला तीन दिवस इन्क्युबेटरमध्ये, सीओडी मात्र दोन तास ॲसिडमध्ये उकळला (रिफ्लक्स केला) की त्याच दिवशी हातात. हे स्वतः केलेलं असलं की पुढं कुठलाही रिपोर्ट समोर आला तरी आकडा खरा की कुणीतरी खुर्चीत बसून भरलेला हे वासानं कळायला लागतं. एनएबीएल (लॅब तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेलीच लॅब बघ, बाकीच्यांचा अनुभव पुढं फारसा कोण धरत नाही.

कारखान्यातलं काम वेगळं. गळीत हंगाम सुरू झाला की आम्हाला दिवाळी नाही न् शिमगा नाही. ईटीपी म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्लांट नीट चालतोय का, डिस्टिलरीचा स्पेंटवॉश (अल्कोहोल काढून उरलेलं घाण पाणी) कुठं जातोय, बॉयलरच्या धुराचं काय, ऑनलाइन मीटरचे आकडे थेट मंडळाला दिसत असतात त्यामुळं रात्री दोनलाही फोन येतो. पंचगंगेत मासे मेले की पेपरात "मळीमिश्रित पाणी" अशी बातमी येते, आणि मग मॅनेजमेंट, मंडळ, गावकरी अशा तिघांच्या मधे आपण उभे. ज्याला भांडण नको, सगळ्यांनी चांगलं म्हणावं असं वाटतं, त्यानं इकडं येऊ नये. बऱ्याच कंपन्या एन्व्हायर्नमेंट आणि सेफ्टीला एकच माणूस ठेवतात, म्हणून एमएस्सीनंतर एडीआयएस म्हणजे इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा केलेल्यांना लवकर घेतात. प्रवेशाच्या अटी मात्र आधी बघून घे.

तुझ्यासाठी मला खरं तर कन्सल्टन्सी जास्त बरी वाटते आणि त्याचं कारण तुझं बॉटनी. मोठा प्रोजेक्ट यायचा असेल तर ईआयए रिपोर्ट लागतो, तो नॅबेटची (कन्सल्टंट तपासून मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या कन्सल्टंटकडनंच करावा लागतो, आणि त्यांना हवा, पाणी, जमिनीचा वापर असे विषयवार एक्स्पर्ट दाखवावे लागतात. त्यात इकॉलॉजी-बायोडायव्हर्सिटी हा एक विषय असतो. साधारण दहा किलोमीटरच्या परिघात फिरून झाडं-झुडपं-पक्षी नोंदवायचे. पावसाळा सोडून एका सीझनचा डेटा घेतात, त्यामुळं सह्याद्रीत जे पावसातच उगवतं ते रिपोर्टात येतच नाही, हा आपला माझा जुना राग. पण मुद्दा असा की गवताची जात शेतात उभं राहून ओळखणारा माणूस मिळत नाही, केमिस्ट्रीवाले पैशाला पासरी मिळतात. फ्लोरा (त्या भागातल्या वनस्पती ओळखायचं पुस्तक) हातात धरून राधानगरी-दाजीपूरकडं दोन वर्षं नीट फिरलास तर तुझी किंमत आपोआप वाढेल. जोडीला क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिक. फुकट आहे, आणि देहरादूनच्या आयआयआरएसचे (इस्रोची रिमोट सेन्सिंग संस्था) ऑनलाइन कोर्सही फुकट असतात.

फॉरेस्टचं विचारलंयस तर एक गोष्ट बऱ्याच पोरांना उशिरा कळते. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेला पदवीत जे विषय चालतात त्यात बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री, जिऑलॉजी वगैरे आहेत, नुसतं एन्व्हायर्नमेंटल सायन्स नाही. तुझ्याकडं बॉटनी आहे म्हणून तू सुटलास, पण धाकटा भाऊ वगैरे बारावीला असेल तर त्याला सांगून ठेव. एमपीएससीच्या वनसेवेच्या जाहिरातीतही विषयांची यादी असते, ती आधी वाचायची आणि मग क्लास लावायचा. वाघ-बिबट्याचंच काम करायचं असेल तर देहरादूनची डब्ल्यूआयआय (भारतीय वन्यजीव संस्था) किंवा बंगलोरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेची वाइल्डलाइफची एमएस्सी आहे, जागा बोटावर मोजण्याइतक्या.

प्राध्यापकी, नेट-सेट, पीएचडी यावर जास्त लिहीत नाही. कायम जागा कधी निघतील त्याचा भरवसा नाही, सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, वर्षानुवर्षं काढलेले लोक तुझ्या कॉलेजातच असतील, त्यांनाच विचार. ईएसजीचंही (कंपनी पर्यावरण, समाज आणि कारभार कसा सांभाळते ते) सध्या लई ऐकू येतं. सेबीनं मोठ्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे याच गोष्टींचा रिपोर्ट, सक्तीचा केल्यापासनं काम वाढलंय हे खरं, पण ते जास्त करून पुण्या-मुंबईत, आणि एक्सेल व इंग्रजी दोन्ही पक्कं लागतं. म्हणजे घर सोडायची तयारी पाहिजे.

कोल्हापुरात राहूनच जमेल का, तर पहिली तीन-चार वर्षं जमेल, पुढं पगार वाढवायचा तर एकदा बाहेर जाऊन यावं लागतं असं मी तरी बघितलंय.

एमएस्सीला ॲडमिशन घ्यायच्या आधी दोन कामं कर. ईव्हीएसचा (पर्यावरण अभ्यास विषयाचा) जो प्रोजेक्ट सगळे झेरॉक्सच्या दुकानातनं बाइंड करून आणतात तो तू खरा कर, जयंती नाल्यावर किंवा रंकाळ्यावर, चार ठिकाणचं पाणी महिन्यातनं एकदा, कॉलेजच्या लॅबमध्ये पीएच आणि डीओ होतोच. इंटरव्ह्यूला मार्कलिस्टपेक्षा ती वही जास्त बघतात. आणि जवळपास कुठं पर्यावरण जनसुनावणी लागली तर जाऊन बस. ती सगळ्यांना खुली असते, रिपोर्टचा सारांश मराठीतही मिळतो, आणि गावातली माणसं तिथं जे प्रश्न विचारतात ते कुठल्या सिलॅबसमध्ये नाहीत.

इंटर्नशिपचं म्हणशील तर जुलै-ऑगस्टमध्ये कन्सल्टंट लोकांना फोन कर. कारखान्यांचा वार्षिक पर्यावरण अहवाल, फॉर्म पाच, ३० सप्टेंबरच्या आत भरायचा असतो, त्यामुळं त्या दिवसांत सगळ्यांना डेटा भरायला हात कमी पडतात आणि नवख्यालाही बसू देतात. पैसे बहुतेक मिळणार नाहीत, पेट्रोलचे तेवढे मागून घे.