हूल, छापा की हल्ला?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात कांगॉजवळ ब्रिटिश कमांडोंनी 'हिल १७०' राखली. त्यावरचा मजकूर मराठीत आणताना 'नाइट अटॅक'ला सगळीकडे 'रात्रीचा छापा' लिहिलं तर चालेल का? आणि 'नंबर १ कमांडो', 'प्लाटून', 'ट्रेंच' यांचं काय करायचं?

सगळीकडे 'छापा' नाही चालणार. छापा घालणारा परत फिरायच्या बेतानेच आलेला असतो. १६६३ साली लाल महालात शायिस्तेखानावर पडला तो छापा: आत शिरले, काम उरकलं, निघून गेले. ब्रह्मदेशातल्या जंगलात जपानी रात्री येत, ते बहुतेकदा याहून वेगळ्या दोन कामांसाठी.

पहिलं काम समोरच्याला बोलतं करण्याचं. चारसहा जण अंधारात जवळ सरकायचे, आरडाओरडा करायचे, एखाददुसरी गोळी झाडायचे. वरच्यांनी बिचकून गोळीबार केला की नळीच्या झळाळीवरून ब्रेन मशीनगनची जागा कळते आणि खरा हल्ला तिच्यावरच येतो. याला मराठीत नेमका शब्द आहे: हूल. 'हूल दिली', 'हूल उठवली', 'हुलीला भुलले नाहीत' असं बिनधास्त लिहा. मुरलेल्या तुकड्या अशा वेळी बंदुकीला हात लावत नसत, हातबॉम्ब टाकत. तो कुठून आला ते अंधारात दिसत नाही. मजकुरात 'गोळीबार न करता' असं आलं, तर त्यामागचं कारण हे.

दुसरं काम टेकडी घेऊन तिथेच बसण्याचं. तो हल्ला, आणि उतारावरून वर येणारा म्हणून 'चढाई'ही शोभेल. ३१ जानेवारी १९४५ चा सगळ्यात मोठा हल्ला मात्र पहाटेचा आहे. त्याला रात्रीचा म्हणू नका.

राखणाऱ्यांची क्रियापदंही एकमेकांच्या जागी टाकता येत नाहीत. 'थोपवला' म्हणजे पुढे येऊ दिला नाही, 'परतवला' म्हणजे मागे रेटला, 'मोडून काढला' म्हणजे हल्लेखोरांची फळीच विस्कटली. त्या दिवशी नंबर १ कमांडोतल्या लेफ्टनंट जॉर्ज नोलंडच्या २४ जणांवर सुमारे ३०० जपानी चालून आले. २४ पैकी १४ ठार किंवा जखमी झाले, काही जागा हातच्या गेल्या, तरी उरलेल्यांनी कुमक येईपर्यंत १२ तास टेकडी सोडली नाही. इथे 'थोपवून धरला' हेच खरं. 'परतवून लावला' लिहिलंत तर त्या बारा तासांचा ताण वाचकापर्यंत पोचणार नाही.

आता नावं. मराठीत कमांडो म्हणजे एक माणूस. ब्रिटिशांच्या त्या वेळच्या भाषेत तो शब्द अख्ख्या दलालाही लागे. 'नंबर १ कमांडो' म्हणजे काही शे सैनिक. 'नंबर १ कमांडोने टेकडी राखली' हे वाक्य मराठीत सिनेमाच्या नायकाचं वाटतं, तेव्हा 'क्रमांक १ कमांडो दल' लिहावं. हिल १७० मधला आकडा अनुक्रमांक नाही, फुटांतली उंची आहे. म्हणून '१७० क्रमांकाची टेकडी' चूक, '१७० फुटी टेकडी' बरोबर. एवढ्याशा उंचवट्याला 'डोंगर' तर मुळीच नको. भोवतीच्या 'चाउंग' म्हणजे भरती-ओहोटीच्या खाड्या. कोकणातले तिवर, खाजण, चिखलाण हे शब्द तिथल्या परिसराला जसेच्या तसे बसतात.

'प्लाटून'ला पलटण म्हणू नये. मराठीत आणि फौजेतही पलटण म्हणजे बटालियन. याच लढाईत कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात यांच्याकडे दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी बटालियन होती. तिला पलटण म्हणा, नोलंडच्या २४ जणांना 'तुकडी'.

ट्रेंचला 'खंदक' रुळलाय, वृत्तपत्रांनी रुळवलाय. पण खंदक म्हटलं की किल्ल्याभोवतीची रुंद खाई डोळ्यांपुढे येते. इथे दोघे जेमतेम उभे राहतील एवढा खड्डा आहे. 'चर' किंवा नुसतं 'खड्डा' जास्त जवळचं. 'मोर्चा' (आडोशाने लढायची जागा) हा जुना चांगला शब्द, हिंदीमुळे फौजेत आजही जिवंत. पण 'मोर्चावर हल्ला' वाचून शहरातल्या वाचकाला लाठीमारच आठवेल. 'मोर्चेबंदी' अजून वापरता येतो.

सगळ्यात अडचणीचा शब्द 'डेड ग्राउंड'. 'मृत भूमी' हा निव्वळ घोळ आहे. उताराच्या फुगवट्याआड जिथे वरून झाडलेली गोळी पोचत नाही, ती 'माऱ्याबाहेरची जागा'. हे नीट लिहिलं नाही तर नोलंडचं वागणं उगाच आततायी वाटतं. ब्रेनवरचे त्याचे सैनिक जखमी झाले तेव्हा शत्रू दहा यार्डांहूनही जवळ होता, पण उताराखाली, माऱ्याबाहेर. चरातून गन खाली रोखताच येत नव्हती. म्हणून तो चराच्या काठावर उभा राहिला आणि गन कमरेशी धरून त्याने मारा केला.