अपंग लोक दोन-अडीच टक्केच असतील तर नोकरीत समान संधीचा एवढा आग्रह कशाला?

तुम्ही लिहिलंय की जनगणनेत अपंग व्यक्ती दोन-अडीच टक्केच दिसतात, तुम्ही भरतीचं काम बघता आणि तुमच्याकडे असे अर्ज जवळपास येतच नाहीत, मग ज्याला काम जमतं त्याला घ्यायचं एवढं पुरेसं नाही का, वेगळे कायदे आणि कोटा कशाला. मला लहानपणापासून कमी ऐकू येतं, दोन्ही कानांत मशीन आहे, आणि गेली काही वर्षं मी पण भरतीच्याच टीममध्ये आहे, तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सांगते.

आधी तो आकडा. भारताच्या २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचं प्रमाण आलं २.२१ टक्के, म्हणजे साधारण २ कोटी ६८ लाख माणसं. आणि जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल जगभरासाठी सांगतो १३० कोटी, म्हणजे १६ टक्के, सहा माणसांमागे एक. एवढी तफावत कशी काय? एक मोठं कारण म्हणजे प्रश्न कसा विचारला ते. कोणीतरी दारात येऊन विचारतं की घरात कोणी शारीरिक किंवा मानसिक अपंग आहे का, तर घरचे पटकन नाही म्हणतात. माझ्या आजीला शेवटची दहा वर्षं जिने चढता येत नव्हते आणि जवळ जाऊन बोलल्याशिवाय ऐकू यायचं नाही, पण तिला कोणी अपंग म्हटलं नसतं, तिनं स्वतः तर नाहीच नाही, सगळे म्हणायचे वय झालं.

म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये एक गट नेमला, वॉशिंग्टन ग्रुप म्हणतात त्याला, त्यांनी सहा प्रश्नांचा एक छोटा संच केला ज्यात अपंग हा शब्दच नाही. चष्मा लावूनसुद्धा दिसायला अडचण येते का, मशीन लावूनसुद्धा ऐकायला येते का, चालायला किंवा पायऱ्या चढायला, लक्षात ठेवायला किंवा लक्ष एकाग्र करायला, स्वतःची अंघोळ-कपडे करायला, आणि आपलं बोलणं दुसऱ्याला समजायला किंवा दुसऱ्याचं आपल्याला समजायला. उत्तरं चार, अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही. माझी आजी यात दोन ठिकाणी 'खूप' मध्ये आली असती. बाई तीच, प्रश्न बदलला.

त्यातलं 'चष्मा लावूनसुद्धा' मला फार महत्त्वाचं वाटतं. चष्मा सगळीकडे मिळतो, लावला की कोणी विचारत नाही, म्हणून जाड भिंगाच्या माणसाला आपण अपंग धरत नाही आणि त्याच्या नोकरीवर त्याचा काही परिणाम होत नाही. डोळे त्याचे अधूच आहेत, सोय झाली म्हणून अडचण गेली. बाकीच्यांची सोय झाली नाही, फरक बराचसा इथेच आहे.

आता तुमचं ते 'ज्याला काम जमतं त्याला घ्यायचं'. माझा एक इंटरव्ह्यू सांगते. तिघंजण समोर बसलेले आणि त्यांच्या पाठीमागे भली मोठी खिडकी, दुपारची वेळ. मी मशीनसोबत ओठ वाचून समजून घेते, आणि मागून उजेड आला की समोरच्याचा चेहरा काळा पडतो, ओठ दिसतच नाहीत. मधले गृहस्थ बोलताना हात तोंडापाशी धरायचे. दोनदा मी 'पुन्हा सांगाल का' म्हटलं, तिसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही, अंदाजानं हो म्हणून टाकलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की उत्तर भलतंच गेलंय. काम होतं हिशेब तपासायचं, ते मला चांगलं येतं, पण त्या खोलीत माझा हिशेब कोणी तपासलाच नाही, तपासले गेले फक्त कान. पुढच्या एका ठिकाणी बोलावण्याच्या मेलमध्येच एक ओळ होती, मुलाखतीसाठी काही सोय लागणार असेल तर कळवा. मी लिहिलं की समोरच्यांच्या तोंडावर उजेड असावा आणि एका वेळी एकानेच बोलावं. त्यांनी खुर्च्या फिरवल्या. बस, एवढंच.

कायद्यात याला वाजवी सोय म्हणतात. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा, त्याचं २७ वं कलम कामाच्या हक्काबद्दल आहे, आणि करारात स्पष्ट आहे की अशी सोय नाकारणं हाही भेदभाव. मालकावर डोईजड ओझं पडेल असं काही मागता येत नाही, तेही त्यातच आहे. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यात नोकरी देऊ करण्याआधी 'तुम्हाला काही अपंगत्व आहे का' असं विचारायलाच बंदी आहे, अमुक काम करू शकाल का हे मात्र विचारता येतं. भारताच्या २०१६ च्या कायद्यात खाजगी असो की सरकारी, प्रत्येक आस्थापनेने समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं, अपंगत्वाचे प्रकार २१ आहेत आणि सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव. आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, जमेल अशा कामावर त्याच पगारात घ्यावं लागतं. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण खूप जणांना अपंगत्व मोठेपणी, अपघाताने नाहीतर आजाराने येतं.

कोट्याबद्दल, मी कोट्याच्या बाजूने आहे, पण नुसत्या कोट्याने भागत नाही. जर्मनीत २० किंवा त्याहून जास्त नोकऱ्या असतील तर ५ टक्के जागांची अट आहे, नाही भरल्या तर पैसे भरावे लागतात, आणि बरेच मालक पैसे भरून मोकळे होतात. नुसत्या कायद्यानेही भागत नाही, अमेरिकेत तो कायदा येऊन तीस वर्षं उलटल्यावर, २०२३ मध्ये, १६ ते ६४ वयात अपंगत्व असलेल्यांपैकी ३७ टक्केच नोकरी-कामात होते, नसलेल्यांपैकी ७५ टक्के.

आणि अर्ज का येत नाहीत म्हणाल तर तुमची जाहिरात एकदा काढून वाचा. आमच्या जाहिरातीत सगळ्या पदांना 'फोनवर उत्तम संभाषण' लिहिलेलं असायचं, वर्षानुवर्षं कॉपी होत आलेलं. मी त्या त्या टीमला विचारत गेले, हिशेबाच्या एका पदावर आठवड्याला जेमतेम एक कॉल निघाला, तोही मेलवर भागण्यासारखा. ते वाचून माझ्यासारखी किती माणसं पुढे सरकून गेली असतील, ती तुमच्या अर्जांच्या मोजणीत येणारच नाहीत.

ती ओळ तुमच्या मेलमध्ये टाका, मुलाखतीसाठी काही सोय हवी असल्यास कळवा, आणि सगळ्यांनाच पाठवा, निवडून नाही. आमच्याकडे बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. एकाने तळमजल्यावरची खोली मागितली, एकीने मध्ये दहा मिनिटं, तिला इन्सुलिन घ्यायचं होतं, आणि एका अडखळत बोलणाऱ्या मुलाने लिहिलं की माझं वाक्य कृपया मला पूर्ण करू द्या.