पोरगं ढिलं नाही, जागा चुकलीय

प्रिय लेका,

काल तुझा फोन आला तेव्हा मी ताटावर होतो, म्हणून हो हो करून ठेवला, पण नंतर झोप लागेना. अर्ध्या तासात तू पाच वेळा 'ॲटिट्यूड' म्हणालास, मी मोजलं. तुझ्या कबड्डी टीममधल्या त्या पोराला उंची आहे, ताकद आहे, पळतो चांगला, पण चढाईला गेला की लाइनीला पाय लावून परत येतो, साधा बोनस घेत नाही, सर काढू का टीममधून. आणि फोन ठेवता ठेवता हळूच, की सर मीच या कामाला लायक नाही का. ह्या दुसऱ्या प्रश्नावर मी एक अक्षर लिहिणार नाही. लाडात येऊ नको. पहिल्यावर बोलू.

मी 2024 च्या ऑगस्टमध्ये पोरीकडं गेलो होतो ना, अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ, सहा महिने. तिथं करायला काय असतं, फिरायला जा, भांडी मशीनमध्ये लाव, आणि वीकेंडला जावयाबरोबर टीव्हीसमोर बस. त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे, तो हातात घेऊन पळायचा, डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, दर दोन मिनिटाला थांबतात आणि मध्ये जाहिराती. पहिल्या दिवशी मला त्यातलं ढेकळ कळलं नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जावयाच्या टीमची, ईगल्सची, पहिली मॅच होती, तीही ब्राझीलला, साओ पावलोत, समोर ग्रीन बे पॅकर्स. नियम कळत नव्हते म्हणून मी नुसते पाय बघत होतो, जुनी खोड. आणि 53 नंबरचं एक पोरगं सारखं डोळ्यात भरायला लागलं, बॉल जिथं तिथं हे आधीच पोचलेलं. जावयाला विचारलं हा कोण, तर तो म्हणे कुणास ठाऊक, नवीन घेतलाय, बाहेरनं आलाय. त्या दिवशी त्या पोरानं 15 टॅकल केले, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून पाडलं, आणि बॉल फेकणाऱ्याला दोनदा आडवा पाडला.

झॅक बॉन. मग मी त्याची सगळी कुंडली काढली, तुला माहितीय माझं, एकदा लागलं की लागलं.

नीट ऐक आता. 2020 ला न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स टीमनं त्याला घेतलं, तिकडं टीमा दरवर्षी कॉलेजातली पोरं पाळीपाळीनं निवडतात, त्यात तिसऱ्या राउंडला, 74 वा नंबर. कॉलेजात विस्कॉन्सिनला त्यानं शेवटच्या वर्षी साडेबारा सॅक काढलेले, सॅक म्हणजे बॉल फेकणारा क्वार्टरबॅक बॉल हातात असतानाच पाडायचा. एवढा तगडा गडी, आणि सेंट्सकडं चार वर्षांत किती सॅक? दोन. कधी कडेला उभा कर, कधी मागं घे, आणि बहुतेक वेळा किकच्या वेळी पळायला सोड, ज्याला ते स्पेशल टीम्स म्हणतात. चार वर्षांनी त्यांनी सोडून दिलं, 27 वय. ईगल्सनं एका वर्षासाठी 35 लाख डॉलरला घेतलं, आपल्याला आकडा मोठा वाटतो पण त्या धंद्यात ती चिल्लर आहे, म्हणजे आला तर आला, नाही तर जाऊ दे.

तिथं नवीन डिफेन्स कोच आलेला, विक फॅन्जिओ, 66 वर्षांचा म्हातारा, तोंड कायम आंबट. त्यानं ह्या पोराला बघितलं आणि कडेवरनं उचलून आत घेतला, इनसाइड लाइनबॅकर. बास.

तुला कबड्डीत सांगतो म्हणजे पटकन कळेल. कडेला उभं राहणाऱ्याचं काम सरळ धडक मारायची, आणि समोर त्याला अडवायला तीनशे पौंडांच्या वरचा गडी, म्हणजे 136 किलोच्या पुढं. आपलं हे पोरगं 102 किलोचं. दर वेळी भिंतीवर डोकं आपटायचं, मग लोक म्हणणार ह्याच्यात जिगर नाही. आतला लाइनबॅकर मात्र पुढच्या रांगेच्या मागं उभा असतो, आपल्या कव्हरसारखा, म्हणजे कोपऱ्याच्या आत उभा असतो त्या गड्यासारखा. समोरचा पळणार का फेकणार, बॉल कुठं चाललाय, हे आधी वाचायचं, मग झेप. त्याला वजन कमी चालतं, डोळे आणि पाय लागतात. आणि ह्या पोराचे डोळे आधीपासून तयार होते, कारण शाळेत असताना, ब्राउन डिअर म्हणून गाव आहे तिथं, तो स्वतःच क्वार्टरबॅक खेळायचा! बॉल फेकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे त्याला आतून माहीत. चार वर्षं ही गोष्ट त्याच्या कागदावर लिहिलेली होती.

म्हणून म्हणतो, आधी जागा बघ. पोरगं नंतर.

तू म्हणशील सर, तिथं पैसा आहे, दहा-दहा कोच आहेत, माझ्याकडं एक शिट्टी आणि फाटकी मॅट. लेका, जागा बदलायला किती पैसे लागतात? चार पावलं लागतात.

आणि तो म्हातारा हे काही पहिल्यांदा करत नव्हता. 1986 ते 94 तो त्याच न्यू ऑर्लिन्समध्ये लाइनबॅकर शिकवायचा. त्याच्या हाताखाली सॅम मिल्स नावाचा गडी होता, पाच फूट नऊ इंच, त्या खेळात म्हणजे बुटकाच. त्याला आधी दोन टीमनी घरी पाठवलेलं, मधल्या काळात तो एका शाळेत फोटोग्राफी शिकवत होता. आपल्यासारखा मास्तर! 1992 ला त्या टीमचे चारही लाइनबॅकर प्रो बोलला, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या मॅचला, निवडले गेले, त्यात हा मास्तर पण, आणि 2022 ला तो हॉल ऑफ फेममध्ये, त्या खेळातल्या थोर खेळाडूंच्या यादीत, गेला. तो बघायला राहिला नव्हता तेव्हा, वारलेला. असो. ईगल्समध्येच अजून एक आहे, जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियाचा रग्बीवाला, 2018 ला घेतला तेव्हा आयुष्यात एक फुटबॉल मॅच खेळलेला नव्हता, 233 वा नंबर. आज त्यांच्या लाइनीचा खांब आहे. त्याच्यावर लिहायला लागलो तर रात्र पुरायची नाही.

आता माझं ऐक, हे मी कुणाला सांगत नाही.

नव्वदच्या दशकात, तू शाळेत यायच्या आधी, माझ्याकडं एक पोरगं होतं. शिडशिडीत, डावरं, लांब हात. पळायचं वाऱ्यासारखं म्हणून मी त्याला चढाईला लावलं. दोन वर्षं. जायचं, निदान रेषेपर्यंत पोचायचं आणि घाबरल्यासारखं मागं फिरायचं. मी सगळ्यांसमोर त्याला ढिला म्हणायचो, नंतर पोरंही म्हणायला लागली, ते नावच पडलं त्याचं. आणि तेच पोरगं प्रॅक्टिस संपल्यावर कोपऱ्यात बसून जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांचे घोटे धरायचं. मस्तीत. एकदा धरला की मोठी पोरंसुद्धा सुटायची नाहीत, धपाधप आपटायची, धुरळा उडायचा, हसायची सगळी. मी ते रोज बघायचो. आणि काय करायचो माहितीय? ओरडायचो. माकडचाळे बंद कर म्हणायचो. घोटा पकड करतोय पोरगं माझ्या डोळ्यांसमोर, कुणी शिकवलेलं नाही, आणि मी त्याला गप्प बसवतोय.

नववीत त्यानं खेळ सोडला. काही मोठं नाट्य झालं नाही, एक दिवस आलंच नाही.

आता तू मनात म्हणणार की सर, तुमच्यावर पण लोड होता. होताच! चाळीस पोरं, मी एकटा, वर जनगणना, मग इलेक्शन ड्युटी, पाचवी ते सातवीचे भूगोलाचे तास, मैदानावर निम्मी खडी, आणि तालुक्याला हरून आलो की ऐकून घ्यायला मीच. शिवाय त्याच्या वडलांनापण त्यानं खेळलेलं नको होतं, हे खरंय, मी काय एकट्यानं घालवलं नाही त्याला. पण बघ, हे सगळं मी तीस वर्षं स्वतःला सांगतोय आणि अजून सांगावं लागतंय, यातच काय ते कळ.

आणि हे पण उलटं घेऊ नको की पोरानं काहीच करायचं नाही. बॉननं त्या सीझनला 151 टॅकल केले, बॉलवर बुक्की मारून पाच वेळा समोरच्याच्या हातातनं बॉल सोडवला, ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूंच्या, पहिल्या टीममध्ये आला, हे काय फॅन्जिओ जाऊन करून आला नाही. पोरगं राबलंच. पण राबत ते न्यू ऑर्लिन्सलाही असणार ना? चुकीच्या जागी राबलेलं कुणाला दिसत नाही, तुला तर नाहीच दिसत आत्ता. आधी जागा बघ.

सुपर बोल, म्हणजे त्यांची फायनल, झाला 9 फेब्रुवारी 2025 ला, आणि कुठं, तर न्यू ऑर्लिन्सला, सुपरडोममध्ये, जिथं त्यानं चार वर्षं बाकडं झिजवलं त्याच मैदानावर. असली गोष्ट कुणी रचून सांगितली असती तर मी हसलो असतो. दुसऱ्या क्वार्टरला समोरच्या टीमच्या क्वार्टरबॅकनं, महोम्सनं, मधोमध बॉल फेकला आणि ह्यानं झेपावून जमिनीलगत धरला. जावई सोफ्यावर उभा, नात दचकून रडायला लागली, पोरगी आतनं ओरडतेय काय झालं. मी जावयाला ते परत मागं घ्यायला लावलं, तीनदा. त्याला वाटलं बाबांना कॅच आवडला. मी बॉल सुटायच्या आधीचं बघत होतो, ते पोरगं कुठं उभंय आणि बघतंय कुठं. ईगल्सचे 17-0 होते, त्यावर लगेच 24-0 झाले, मॅच 40-22 ने मारली. मार्चमध्ये तीन वर्षांचा करार झाला, 5 कोटी 10 लाख डॉलर. पोरगं तेच. वजन तेच.

तर तू आता काय करायचं. पुढचे पंधरा दिवस त्याला एकपण चढाई द्यायची नाही. कारण सांगत बसू नको, शिक्षा वाटेल असं तर अजिबात बोलू नको. तीन दिवस उजव्या कव्हरला उभा कर, मग डाव्या कोपऱ्यात, मग उजव्या. मोबाइल भिंतीवर ठेवून व्हिडिओ काढ, आणि बघताना चढाईवाल्याकडं बघायचं नाही, ह्याच्याकडं बघायचं, विशेषतः चढाई दुसऱ्या बाजूला असेल तेव्हा ह्याचे पाय काय करतात ते. पाय आपोआप सरकत असतील तर तुझं काम झालं. नसतील तर अजून एक जागा बघ, सात जागा आहेत मैदानात, तू एकच बघितलीयस. आणि प्रॅक्टिस संपल्यावर लगेच बाइकला किक मारू नको, दहा मिनिटं थांब, पोरं टाइमपास करताना काय करतात ते बघ. ओरडायचं नाही.

जिल्ह्याच्या सिलेक्शनला महिना आहे म्हणालास, हेडमास्तर मागं लागलेत म्हणालास. लागू देत. हरलास तर माझं नाव सांग, म्हाताऱ्यानं सांगितलं म्हण.

रविवारी संध्याकाळी फोन कर, जेवायच्या आधी कर. व्हिडिओ लहान करून पाठव, माझ्या मोबाइलमध्ये जागा नाही. आणि हो, काल अर्धा तास बोललास, त्याआधी दिवाळीत दोनदा बोललास, दर वेळी 'ते पोरगं, ते पोरगं'. त्याचं नाव काय आहे?

तुझा,
सर