प्रत्यर्पण, ‘प्रत्यार्पण’ आणि हद्दपारी

प्रश्न: ‘परदेशात बसून सर्व्हर फोडणाऱ्या हॅकरचे प्रत्यार्पण’ असे बातमीत वाचले. शब्द बरोबर आहे का? ‘हद्दपारी’ म्हटले तर चालेल का?

उत्तर: चूक, आणि ही चूक रोज कानावर आदळते. प्रति + अर्पण = प्रत्यर्पण, म्हणजे दुसऱ्या देशाच्या मागणीवरून आरोपीला त्याच्या हवाली करणे. ‘समर्पण’ला कोणी ‘समार्पण’ म्हणते का? माझ्या मते ‘त्य’च्या जागी हा ‘त्या’ ‘प्रत्यारोप’ आणि ‘प्रत्यारोपण’ यांच्या ओढीने घुसला. तिथे तो योग्यच, कारण आरोप आणि आरोपण ‘आ’नेच सुरू होतात.

खरे सौंदर्य ‘अर्पण’मध्ये आहे. त्याचा मूळ धातू ‘ऋ’ म्हणजे जाणे. या धातूचे प्रयोजक (‘करायला लावणे’ या अर्थाचे) रूप करताना पाणिनी मध्ये ‘प्’ आणतो, ‘स्था’चे ‘स्थापन’ होताना येतो तोच. अर्पयति म्हणजे जायला लावतो, पोचवतो. देवाला फूल वाहणे हा पुढचा अर्थ.

‘प्रति’ म्हणजे ‘परत’च, असे बजावणारे पंडित विचारतात: जो मागणाऱ्या देशात कधी गेलाच नाही, त्याला ‘परत’ कसा देणार? मग पत्राच्या मायन्यातला ‘प्रति’ कुठला? तो ‘कडे’ या अर्थाचाच ना! ठेव परत करणे हा प्रत्यर्पणाचा जुना अर्थ आहेच. पण संगणकगुन्ह्यात आरोपी एका देशात, सर्व्हर दुसऱ्यात, लुटलेले खाते तिसऱ्यात. तिघेही अधिकारिता, म्हणजे खटला चालवण्याचा हक्क, सांगू शकतात. त्यांतल्या एकाकडे आरोपीला पोचवणे, हे ‘प्रति’ आणि ‘अर्पण’ अक्षरशः सांगतात. शब्द बदलण्याचे कारणच नाही.

अट मात्र कडक: कृत्य मागणाऱ्या आणि देणाऱ्या अशा दोन्ही देशांत गुन्हा असावे लागते. संगणकगुन्ह्यांवरच्या २००१च्या आंतरराष्ट्रीय बुडापेस्ट कराराच्या कलम २४नुसार दोन्हीकडे त्याची कमाल शिक्षा निदान एक वर्ष कैदेची हवी. २०००मध्ये ‘लव्ह बग’ विषाणूने जगभर धुमाकूळ घातला, पण संशयित होता फिलिपीन्समध्ये आणि तिथल्या कायद्यात तेव्हा असा गुन्हाच नव्हता. तिथला खटला बारगळला आणि प्रत्यर्पणाची वाटही बंद झाली. आपला नागरिक म्हणून एखाद्या देशाने नकार दिला, तर त्याच करारानुसार, मागणाऱ्या देशाने सांगितल्यास, प्रकरण खटल्यासाठी स्वतःच्या यंत्रणेकडे सोपवावे लागते.

‘हद्दपारी’ नको. ती देश स्वतःच्या निर्णयाने करतो, दुसऱ्या कोणाची मागणी लागत नाही. प्रत्यर्पित आरोपीवर सामान्यतः ज्या गुन्ह्यासाठी तो मागितला त्याचाच खटला चालतो. हद्दपार झालेल्याला हे संरक्षण नसते.